मास्तरांची पहिली फ्रेम

"रोलमधली पहिली फ्रेम माझी. डोळा न लावता काढायची, छापायची नाही, डब्यात टाकायची. आणि चुकलीस तर घरी आणून द्यायची."

बारा वर्षांपूर्वी मास्तरांनी हे सांगितलं, तेव्हा तिला हसू आलं होतं. मास्तरांचा पासपोर्ट फोटोंचा एवढासा स्टुडिओ होता. चाळिशी उलटल्यावर ती तिथे फिल्म धुवायला शिकली. फी विचारली, तर त्यांनी ही अट घातली.

"काय करणार तुम्ही त्या तुकड्यांचं?"

"एक फोटो जुळवतोय," मास्तर म्हणाले होते. "घाई नाही."

चुकणार नाही, आणि चुकलेच तर आणून देईन, असं तिनं कबूल केलं. तिसऱ्या वर्षी मास्तर गेले. तिचा नेम चालूच राहिला.

महिन्याला एक रोल, रोलला बारा फ्रेम. एक तारखेला सकाळी आंघोळ करून ती कॅमेऱ्यात रोल भरायची आणि बाहेर पडायची. जिथे पाय थांबतील तिथे कॅमेरा छातीशी धरायचा, डोळे मिटायचे, "मास्तर, ही तुमची," म्हणायचं आणि बटण दाबायचं. उरलेल्या अकरा तिच्या. त्यांत माणूस कधीच नसे. भिंतीची ओल, रंगाचे पोपडे, गंजका पत्रा. सगळं इतक्या जवळून टिपलेलं की वस्तू हरवायची आणि नुसता उजेड उरायचा. "लोक लग्नाचे फोटो काढतात, आमची ही पोपड्यांचे," असं नवरा येईल-जाईल त्याला सांगे, आणि तिची पिशवी मात्र स्वतः उचलून चाले. तिचं बरं चाललं होतं.

आज संध्याकाळी सहाला तिच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. मधल्या भिंतीवर एकच मोठा फोटो होता. राखाडी-पांढऱ्या घड्या आणि त्यांत दोन काळ्या उभ्या रेघा. निमंत्रणपत्रिकेवरही तोच. कुणी त्याला आभाळ म्हणालं, कुणी वाळू. ती नुसती हसायची.

दुपारी सून कॉम्प्युटरवर बसली होती. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

"आई, रागावणार नाही ना?"

"आधी सांग, मग ठरवते."

"तो बिस्किटांचा डबा. मला वाटलं, राहिलेल्या निगेटिव्ह त्यातच आहेत. सगळ्या स्कॅन झाल्या."

त्या डब्यात मास्तरांच्या पहिल्या फ्रेम होत्या. पण सुनेचा चेहरा बघून ती एवढंच म्हणाली, "झालं ते झालं. बंद कर आता."

"करते. पण एकदा बघा. मी फक्त तारखेप्रमाणे लावल्या. वर्षाच्या बाराची एक ओळ, जुनी खाली, नवी वर, अशा बारा ओळी."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. आधी नुसते करडे चौकोन दिसले. मग सुनेनं चित्र लहान केलं, आणि चौकोनांच्या कडा एकमेकींना चिकटल्या.

खोली होती. हीच.

खिडकी, खिडकीतली कुंडी, टेबल. सहाव्या ओळीतला टेबलाचा कोपरा तिनं एका तलावाच्या काठी टिपला होता. हे टेबल त्यानंतर चार वर्षांनी घरात आलं. टेबलाशी एक बाई पाठमोरी बसलेली. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिनं हात मागे नेला. पेन्सिल होती.

"आई, कडेला बघा," सून हलकेच म्हणाली.

उजव्या कडेला एक कोपर दिसत होतं. त्यावर पट्टी. सुनेनं आपल्या कोपराकडे पाहिलं. तिथे काल इस्त्रीचा चटका बसला होता.

दोघींनी एकदमच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि उघडं दार.

"कुणी मुद्दाम जुळवून ठेवलंय का हे?" सुनेनं विचारलं.

"डबा माझ्या कपाटात असतो गं."

बाईच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. करंगळी वाकडी. लहानपणी वाण्याच्या दुकानात पुड्या बांधताना दोरा अडकवून अडकवून ती तशी झालीय, असं मास्तर सांगायचे. हात मनगटापर्यंतच होता. पुढचा तुकडा जुळत नव्हता. एकशे चव्वेचाळीसांत तेवढाच एक परका, कुठल्याशा पाण्याच्या टाकीची गंजकी पाठ.

ते तिला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी एका सकाळी एका भिंतीवर असा उजेड पडला होता, की पुन्हा पडला नसता. रोल नुकताच भरलेला. तिनं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि पहिली फ्रेम स्वतःसाठी घेतली. मास्तरांना दुसरी दिली. त्यांना काय कळणार, असं तेव्हा मनात आलं होतं.

"तो पत्रिकेवरचा लाव त्या जागी."

सुनेनं लावला.

घड्या शर्टाच्या बाहीच्या होत्या. दोन काळ्या रेघा म्हणजे खिशाला अडकवलेली दोन पेनं. मान आणि चेहरा चित्राच्या वर राहिले होते.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. थकून आल्यावर कुणी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करावा, तसं.

तिनं गॅलरीवाल्या बाईंना फोन लावला.

"मधला फोटो उतरवून ठेवा. छापायला दिलेली निगेटिव्हसुद्धा काढून ठेवा. मी न्यायला येतेय."

"अहो, सहाला उद्घाटन आहे. लोक तो बघायलाच येणार."

"माहीत आहे."

"भिंत रिकामी दिसेल."

"दिसू दे. तो माझा नाहीये."

तिनं फोन ठेवला. बारा वर्षांत एवढं कौतुक एकाच फोटोला मिळालं होतं. मग तिनं चपला घातल्या, खांद्याला रिकामी कापडी पिशवी अडकवली.

"मी येऊ का सोबत?" सुनेनं विचारलं. "एकट्या कुठे जाताय?"

"तू डबा नीट लावून ठेव. जागा मोकळी ठेव एक."

जाताना तिनं दार उघडलं, बाजूला सरली आणि थांबली. एका माणसाला बाहेर पडायला लागावा, तेवढा वेळ. मग तीही बाहेर पडली आणि दार हळूच ओढून घेतलं.