कपाची दुसरी कड

ग्लेनिसने इड्वलला दुपारच्या चहाला बोलावलं, ते शेजारधर्म म्हणून नव्हे. तिला त्याचा उष्टा कप हवा होता.

चार वर्षांपूर्वी इड्वलची बायको नेस्टा नाहीशी झाली. "कार्डिफला गेली असेल बहिणीकडे," म्हणत हा गडी त्याच आठवड्यात परसात कमरेइतका चर खणत होता. खाणवाल्यांच्या त्या गल्लीत लीक नावाचे लांब, जाड कांदे पिकवण्याच्या स्पर्धेपायी सगळेच पुरुष चर खणायचे, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. ग्लेनिसला वाटलं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिकडेच उघडायची.

आता डोंगरात नेस्टाचा कोट सापडला होता. त्यावर एका पुरुषाचं रक्त होतं. ते सरकारी डीएनए नोंदींतल्या कुणाशीच जुळेना, आणि इड्वल तपासणीला लाळ देईना.

"त्याच्याशी जुळलं की त्याचं परस खणतो, आंटी," याच गल्लीत वाढलेला हवालदार बेवन म्हणाला होता.

"आज केकसुद्धा?" चहाला बसताना इड्वल हसला. "माझ्यावर डोळा आहे की काय?"

"या वयात? आरशात बघ जरा."

दोन घोटांतच त्याचा कप रिकामा झाला. "कमीच भरतेस तू," तो कुरकुरला. खोलीत ओल्या मातीचा वास होता. बाहेर तर कोरडं ऊन होतं.

पंधरवड्याने बेवन आला, तो नजर चुकवतच.

"रक्त त्याचंच, आंटी. पण कपाच्या दुसऱ्या कडेला बाईची लाळ निघाली. नेस्टाची."

"तो कप मी उकळत्या पाण्यातून काढला होता रे..."

"तिने ताटली फेकून मारली म्हणून इड्वलनेच तिला पोलिसात दिलं होतं ना? तेव्हाच तिचा नमुना नोंदला गेला. चूक नाही. बाई जिवंत आहे. साहेबांनी खणणं रद्द केलं." मग हळूच, "तुम्ही तर लपवली नाहीत ना तिला?"

संध्याकाळी इड्वल बक्षिसाचे लीक घेऊन आला. "मजेत आहे म्हणे नेस्टा," असं म्हणत तो ग्लेनिसच्याच मोरीवर पाठमोरा उभा राहून मुळांची काळी माती धुऊ लागला.

टेबलावर तिने त्याला दिलेला चहाचा कप तसाच होता, भरलेला. ग्लेनिसच्या डोळ्यांदेखत त्यातला चहा बोटभर खाली गेला. पुन्हा तोच ओल्या मातीचा वास आला.

ती कपाशी वाकली.

"नको गं नेस्टा... तुझ्या घोटानेच तो सुटतोय... पिऊ नकोस..."

चहा क्षणभर स्थिर राहिला. मग आणखी एक घोट कमी झाला. किती तहानेली होती ती.