काटेरी अक्षरांचा चोर

रोसाल्बा शिडीवर चढून औषधांच्या दुकानाची पाटी पुसत होती, तेव्हा तिला तो खाली दिसला. हालापा गावाचा तो नेहमीचा बारीक, चिवट पाऊस पडत होता. समोरच्या गुत्त्याच्या भिंतीवर पातळ कागद धरून तो अक्षरं गिरवत होता. खांद्यात छत्री अडकवली होती, पण झुकवली होती कागदावर. स्वतः मात्र चिंब भिजला होता.

"काय चाललंय?" तिनं वरूनच विचारलं.

त्यानं मान वर केली. "चोरी," म्हणाला... आणि हसला.

हसणं छान होतं. म्हणूनच तिला जास्त संशय आला.

कारण ती अक्षरं तिच्या वडिलांची होती. दॉन इलारिओंनी उभा जन्म गावाच्या पाट्या रंगवल्या. जुन्या चर्चमधल्या पोथ्यांवरून त्यांनी आपली एक वर्णमाला घडवली होती. उभे दांडे मिशीवाल्या शिपायासारखे ताठ, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला गुलाबासारखा काटा. गुत्ता, चॉकलेटचं दुकान, शवपेट्यांचं दुकान, लग्नाच्या पत्रिका... सगळीकडे तीच. मागे शहरातून एक गोडबोल्या येऊन पाट्यांचे फोटो काढून गेला आणि पुढे बाजारात कॉफीच्या पिशव्यांवर तीच अक्षरं झळकली. दॉन इलारिओंनी पिशवी उलटसुलट पाहिली, खाली ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी नवीन अक्षर म्हणून काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हा माणूस गोड पाव घेऊन थेट वडिलांच्या रंगकामाच्या दुकानात हजर. नाव ओक्ताविओ. राजधानीत संगणकासाठी अक्षरं घडवायचा. मग रोजच यायला लागला. वडिलांना तो काटा कुठून वळतो, कुंचला कधी उचलायचा, असलं काही विचारत बसायचा, आणि म्हातारा खुलून सांगायचा. रोसाल्बा रंग ढवळत कोपऱ्यातून पाहत राहायची. त्याच्या बोटांकडे – आणि मग उगाचच मानेवरच्या ओल्या केसांकडे.

"तुम्हाला मी आवडत नाही," एकदा तो हळूच म्हणाला.

"अजून ठरवलं नाही."

"ठरवायला काय लागेल?"

"तुम्ही पाव आणायचं थांबवा. लाच दिल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातांनी आला. तिला भूक लागली होती, आणि त्याचाच राग आला.

मग तिनं सापळा लावला. 'जी' हे अक्षर गावातल्या कुठल्याच पाटीवर धड उरलेलं नव्हतं. ओक्ताविओनं ते मागितलं तेव्हा वडील घरी नव्हते. तिनंच काढून दिलं आणि वडिलांचं म्हणून सांगितलं. काटा मुद्दाम आतल्या बाजूला वळवला. हा वाकडा काटा उद्या कुठल्या पिशवीवर दिसला, की चोर सापडला.

ओक्ताविओ त्या अक्षराकडे बराच वेळ पाहत राहिला. मग तिच्या बोटाला लागलेल्या ओल्या शाईकडे. मग कागद घडी करून खिशात ठेवला.

सकाळी त्यानं तो कागद दॉन इलारिओंसमोर ठेवला. हे अक्षर तुमच्या हातचं वाटत नाही, म्हणाला. रोसाल्बाच्या हातातला चमचा तसाच राहिला. म्हाताऱ्यानं चष्मा लावला आणि खांदे हलवत हसला. "माझं कुठलं? ही माझ्या लेकीची लबाडी. पण पोरी, वळण झकास आहे हं."

ती तडक बाहेर पडली. ओक्ताविओ मागोमाग आला. वळचणीखाली दोघं उभी राहिली.

"आता तुम्ही खरं सांगा," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. एका बिअरच्या कंपनीला बाटलीवर अशी अक्षरं हवी होती. मालकानं त्याला त्यासाठीच पाठवलं होतं. पहिल्या दिवशी गिरवलेले कागद त्यानं त्याच संध्याकाळी पाठवूनही दिले होते. "तेव्हा तुझ्या वडिलांना भेटलो नव्हतो," तो म्हणाला. "तुलाही."

"पहिल्याच दिवशी खरं बोललात की मग. जा आता."

तो गेला. वडिलांना तिनं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, की पोरगा काटा बरा वळवायचा. त्यानंतर रोज दुपारी राजधानीची बस यायच्या वेळेला तिचं दाराशी काहीतरी काम निघायला लागलं. बाजारात बाटल्या दिसल्या की ती थांबून निरखायची. अक्षरं दिसायची नाहीत, तरी पुढच्या बाजारी ती पुन्हा निरखायची.

एका दुपारी तो त्या बसमधून उतरला. काखेत कागदांची गुंडाळी, हातात पावसानं भिजलेलं जाकीट. नोकरी सोडून आला होता. भिंतीवरचं अक्षर कुणाच्या बापाचं नसतं, असं मालक म्हणाला. याचा बाप हालापात राहतो, असं सांगून तो मालकाकडचे ते सगळे कागद उचलून निघाला होता. दॉन इलारिओंची इच्छा असेल तर ही वर्णमाला त्यांच्याच नावानं पूर्ण करायची, नसेल तर कागद चुलीत घालायचे, एवढंच बोलायला आला होता.

वडील उठले. त्या पिशवीनंतर पहिल्यांदाच ते नवं अक्षर काढायचे कुंचले धुवायला लागले.

रोसाल्बानं गुंडाळी उलगडली, एकेक कागद उजेडात धरून पाहिला. "यांच्या नकला तुझ्याकडे नसतील कशावरून?"

"कशावरूनच नाही. माझ्या शब्दावरून."

"तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही."

"ठाऊक आहे." त्याचा आवाज खाली आला. "पण माझं प्रेम आहे तुझ्यावर, रोसाल्बा. यावरही नसेल विश्वास... तर पाचची बस आहे."

तिनं गुंडाळी घट्ट बांधली, आपल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मग त्याचं ओलं जाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं आणि खुंटीला अडकवलं.

"बसनं गेलास तर तिकडे काय करशील, मला कसं कळणार?" ती म्हणाली. "इथेच राहा. माझ्या डोळ्यांसमोर... जन्मभर."