आधी घर बघून गेलेली

निवृत्तीनंतर कुठं राहायचं, याचा आमच्या ह्यांनी, म्हणजे बाळकृष्णरावांनी, कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. पिनांग, म्हैसूर, कोइंबतूर, पोर्तुगालातलं कुठलंसं गाव. भाडं, दवाखाना, हवा, कॉफी असे रकाने आणि त्यात गुण. मी शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळं बेरजा माझ्याकडे. पोर्तुगालला कॉफीत शून्य पडलं. पहिलं आलं ते तिरुवैयारु, आमच्या वाडवडलांच्या तंजावूरहून बसनं अर्ध्या तासावर. पेन्शनीत बसणारं भाडं, मागं कावेरी, आणि सकाळी कुणाच्या तरी घरातून वीणेचे सूर.

घर बघताक्षणी मनात भरलं. बाहेर बसायला तिण्णै, आत झोपाळा, मागच्या दारी केळी आणि नदीचा उतार. घरमालकीण वरलक्ष्मी आमच्यासारख्याच तंजावूरच्या मराठी. त्या ह्यांच्याकडे बघून ओळखीचं हसल्या.

“या राव. तुम्ही सांगितलेत तसं सगळं करून ठेवलंय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ह्या तुमच्या अक्का काय?”

मला ते झोंबलं. मी ह्यांच्याहून चार वर्षांनी लहान आहे.

“मी इथं पहिल्यांदाच येतोय,” हे म्हणाले.

“अय्यो, गेल्या गुरुवारी आलेत की, बायकोला, अम्मांना घेऊन. केस तेव्हा पांढरे होते, आज काळे केलेत, एवढंच.”

गेल्या गुरुवारी हे चेन्नईत डोळ्यांच्या दवाखान्यात होते. डोळ्यांत थेंब घातलेले, दिवसभर माझा हात धरून बसलेले. तरी मी विचारलं, “अम्मा कशा होत्या?”

“बुटक्या. बोलायला फार गोड.”

स्वयंपाकघराचा ओटा फोडून वीतभर खाली घेतला होता. सिमेंट अजून ओलं होतं. झोपाळ्याच्या साखळ्या लांबवल्या होत्या. मी उंच, बसले तर गुडघे हनुवटीपाशी आले. मागच्या अंगणात मोगऱ्याची चार रोपं होती.

“अम्मांनी स्वतःच्या हातानं लावली,” वरलक्ष्मी म्हणाल्या. “राव त्यांना रोज गजरा आणतात म्हणे.”

मला मोगऱ्यानं शिंका येतात. चाळीस वर्षांत ह्यांनी घरात गजरा आणलेला नाही.

परतीच्या बसमध्ये मी ह्यांची पुरती उलटतपासणी घेतली. हे रडकुंडीला आले. बाईचा काहीतरी घोटाळा होतोय, आपण दुसरं घर बघू, म्हैसूरला तीनच गुण कमी आहेत, असं म्हणत राहिले. ह्यांच्यावर माझा विश्वास बसला, पण जळफळाट काही कमी होईना. ती जी कोण असेल ती, तिला त्या झोपाळ्यावर बसू द्यायचं नाही. तंजावूरचा स्टँड यायच्या आत मी फोनवरून वरलक्ष्मींना अ‍ॅडव्हान्स पाठवला. जिंकल्यासारखं वाटलं मला.

पंधरा दिवसांनी सामान आलं. ह्यांना त्या घरात काही विचारावं लागलं नाही. न्हाणीघराचं बटण दाराबाहेर उजवीकडे, मागच्या दाराची किल्ली तांदळाच्या डब्यामागं. मी शोधत असे आणि ह्यांचा हात आपसूक तिथं जात असे.

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“काय ठाऊक?” हे म्हणत.

ओट्यापाशी वाकून माझी पाठ भरून यायची. मोगऱ्याची रोपं मी उपटून कावेरीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शिंका आल्या. घरात कुठंच फूल नव्हतं.

शुक्रवारी सकाळी रीतीप्रमाणं नव्या घरात दूध उतू जाऊ दिलं. वरलक्ष्मी आल्या होत्या. हे झोपाळ्यावर बसले होते, अगदी कडेला, शेजारची जागा मोकळी ठेवून. लग्न झाल्यापासून मी ह्यांना मधोमधच बसलेलं पाहिलंय.

वरलक्ष्मी दुधाचा पेला हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“आत्ता आठवलं, तुम्हाला कुठं पाहिलंय ते,” त्या हळूच म्हणाल्या. “त्या गुरुवारी रावांनी एक फोटो आणलेला. त्यांच्या पहिल्या बायकोचा. चंदनाचा हार घातलेला.”

झोपाळा कुरकुरत होता.

“इथं येऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते म्हणाले, बिचारी गेली तेव्हा.”

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण माझा नुसता जळफळाट झाला.

“फोटो कुठं लावायचं ठरलं?” मी विचारलं.

“रावांना इथंच हवा होता, झोपाळ्यासमोर. अम्मा म्हणाल्या, इथं नको, रोज डोळ्यांसमोर येईल. सामानाच्या खोलीत लावा.”

“आणि हे काय म्हणाले?”

“काय म्हणणार? लगेच बरं म्हणाले,” वरलक्ष्मी म्हणाल्या. “खिळासुद्धा त्यांनीच ठोकला.”