त्रेचाळीस चित्रांची फेहरिस्त

मनमाडची गाडी सेलूला थांबली तेव्हा शांतम्मा भांडायच्या तयारीनं उतरली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. मामांच्या नातवाचं बारसं आटोपून ती वडलांबरोबर मजेत परत येत होती. काखेत काळ्या कापडी पुठ्ठ्याची वही, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि वालूरला पोचेपर्यंत बैलगाडीत बसल्या बसल्या आणखी एखादं चित्र काढायचा बेत.

वही मामांनीच दिलेली. ते मनमाडच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. जे दिसेल ते काढ, चांगलं-वाईट बघू नकोस, एवढंच त्यांनी तीन वर्षांमागं सांगितलं होतं. शांतम्मानं ते इतकं मनावर घेतलं की घरचे कंटाळले. चुलीपुढं बसलेली आई, दुकानात तागडी धरलेले वडील, भिवराबाई धनगरीण आणि तिची मेंढरं, गावची बारव, ताडकळसच्या बाजारातली बांगड्या भरणारी बाई... समोर आलेलं काही तिच्या पेन्सिलीतून सुटत नसे. यावेळी तर खिडकीपाशी जागा मिळाली होती.

इंग्रजी मुलखातून निजामाच्या मोगलाईत येणाऱ्या माणसाचं सामान स्टेशनातल्या जकात नाक्यावर उघडलं जाई. त्या साली राज्यात सत्याग्रह चालू होते, त्यामुळे नुसता कागद दिसला तरी अंमलदाराच्या कपाळाला आठी पडायची. लाडू पाहून झाले, लुगडी पाहून झाली. मग नाक्याच्या अंमलदारानं, अमीनसाहेबांनी, वही उघडली. पहिल्यांदा दुधनेवरचा रेल्वेचा पूल निघाला. मग स्टेशन, मग सिग्नलचा खांब. आणि पुढच्या पानावर, बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेला पोलीस.

अमीनसाहेब हसले नाहीत. पुलाचा नकाशा कुणासाठी काढला, असं त्यांनी विचारलं. नकाशा नाही, चित्र आहे, असं शांतम्मानं सांगितलं. कुणासाठी? कुणासाठीच नाही. मग काढलं कशाला? तेवढ्यात तिचे वडील, सिद्रामप्पा, पुढं होऊन हात जोडायला लागले, तसा तिचा संताप मस्तकात गेला. आपण काय चोरून आणलं होतं? वही जप्त झाली. त्रेचाळीस चित्रांची उर्दूत फेहरिस्त करायची, म्हणजे एकेका चित्राची तपशीलवार यादी, ती परभणीला पाठवायची, आणि वरून हुकूम येईल तसं करायचं, असं ठरलं.

काम कोपऱ्यातल्या कारकुनाकडं गेलं. पंचविशीचा, सडपातळ, बोटांना शाई, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. आपल्यातलाच, लिंगायत माणूस तिथं बसलेला पाहून शांतम्माला आणखीच राग आला. जिनिंगमधून उडालेल्या कापसाचा एक तंतू वहीवर चिकटला होता. त्यानं तो हळूच फुंकून काढला.

“फुंकू नका,” ती म्हणाली. “पेन्सिल पसरती.”

त्यानं वर पाहिलं. मग जपून वही मिटली.

त्याचं नाव शिवलिंग. हे तिला पुढच्या आठवड्यात कळलं, कारण एकेका चित्राबद्दल तिचा जबाब घ्यायचा होता. सिद्रामप्पांच्या कापसाच्या गाड्या दर आठवड्याला सेलूला येतच होत्या. ते नाक्याच्या ओसरीवर बाकावर टेकायचे, ती मेजापुढं उभी राहायची. शिवलिंग उर्दूत लिहिलेलं मराठीत वाचून दाखवायचा.

“चित्र सातवं. एक म्हातारी बाई, संगं तीन बकऱ्या.”

“मेंढरं हायेत.”

“मला बकऱ्या वाटल्या.”

“तुमी कधी मेंढरू बघितलंच न्हाई का? आन् ती म्हातारी न्हाई, भिवराबाई हाय. नाव लिवा तिचं.”

त्यानं खोडून लिहिलं. पुढचं वाचलं — एक स्त्री, चुलीपुढं, चेहरा नाराज. ती आपली अव्वा, आई, आहे, नाराज नाही, डोळ्यांत धूर गेलाय, हे तिनं इतक्या जोरात सांगितलं की बाकावर सिद्रामप्पा दचकले. माझीच चित्रं, आणि मलाच वाचता येत नाही अशा भाषेत त्यांच्याबद्दल काहीबाही लिहिलं जातं, हा कुठला न्याय, असंही तिनं विचारून घेतलं. शिवलिंगनं तो प्रश्न काही लिहून घेतला नाही, पण मान मात्र हलवली... आणि ती हलवताना तो किंचित हसला, असा तिला संशय आला.

परत जाताना गाडीत ती धुसफुसत होती. माणसाला मेंढरू आणि बकरी कळत नाही आणि म्हणे सरकारी कारकून. सिद्रामप्पा म्हणाले, पोरी, त्या माणसाबद्दल तू आता पाचव्यांदा बोलतीयेस. ती वालूर येईपर्यंत गप्प राहिली.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं मेंढरं ओळखली. तिसऱ्या आठवड्यात बारवेचं चित्र वाचताना त्यानं लिहिलं होतं की पाण्याजवळच्या पायऱ्यांवर उजेड कमी आहे, त्यावरून वेळ कलत्या दुपारची असावी. शांतम्माला काही खोडावंसं वाटेना, आणि खोडायला काही नाही म्हणून ती चिडली.

“तुमच्या केसांत...” तो म्हणाला, आणि थांबला.

“काय?”

“कापूस हाय.”

“कापसाच्या गाडीतून आले. मग काय गुलाब असतील?”

त्यानं खाली मान घातली, पण कान लाल झाले होते. तिनं बाहेर येऊन केस झटकले आणि तिच्या लक्षात आलं की आपलेही कान गरम झालेत. याचाही राग तिनं त्याच्यावरच काढला, मनातल्या मनात.

चौथ्या आठवड्यात तो पुलाच्या पानाच्या मागं गेला. कागद पुरत नसे म्हणून ती कधी जुन्या पानाच्या पाठीवरच काढायची. पुलाच्या पाठीला तिची थोरली बहीण होती, चन्नबसम्मा. बाळंतपणात गेली, दोन वर्षं होऊन गेली. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. शिवलिंगनं वाचलं ते तिनं मान खाली घालून ऐकलं. 

“ही कोण?” त्यानं विचारलं.

“अक्का.”

“हसू दाबून धरलंय त्यांनी.”

“मी म्हटलं होतं हलू नको म्हणून,” शांतम्मा म्हणाली. त्या दिवशी ती त्याच्यावर एकदाही रागावली नाही.

हुकूम आला तो पौष संपताना. वही परत द्यावी. पूल, स्टेशन, सिग्नल आणि पोलीस ही चार पानं फाडून ठेवून घ्यावीत. शांतम्मा नाक्यावर पोचली तेव्हा वही मेजावर तयार होती. तिनं उघडली. शिवणीपाशी चार पानांच्या कडा तेवढ्या उरल्या होत्या.

“कुणी फाडलं?”

“मी.”

“पुलामागं अक्का होती.”

“ठाऊक होतं,” शिवलिंग म्हणाला.

पुढं काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण ती थांबली नाही. ती गाडीत जाऊन बसली आणि वाटेवरच्या हुरड्याच्या आगट्यांकडं, ज्वारीवर पडलेल्या उन्हाकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

घरी सगळ्यांनी तिची समजूत घातली आणि प्रत्येक समजुतीनं ती जास्त चिडली. वही मिळाली ना, असं वडील म्हणाले. चारच तर पानं, असं चुलती म्हणाली. तुरुंगात नाही टाकलं हे देवाचे उपकार माना, असं शेजारचे माणिकराव म्हणाले. म्हणजे पूल सरकारचा, स्टेशन सरकारचं आणि अक्काही सरकारचीच का, असं तिनं त्यांना विचारलं, आणि माणिकराव चहा न पिता उठून गेले.

खरा संताप मात्र वेगळाच होता. ती अक्काला पुन्हा काढायला बसायची आणि डोळ्यांपाशी पेन्सिल अडायची. दोन वर्षं ती चेहरा आठवत नव्हती, चित्र बघत होती. आता चित्र नव्हतं, तर चेहराही निसटायला लागला होता. आणि डोळे मिटले की अक्काऐवजी शाई लागलेली बोटं दिसायची. त्या बोटांनीच पान फाडलं होतं. ठाऊक असून.

महिन्याभरानं, दुपारच्या वेळी, दुकानापुढं सायकल थांबली. शिवलिंग धुळीनं भरला होता. सरकारी माणूस दारात पाहून सिद्रामप्पा घाबरून उठले, पण त्यानं वाकून ‘शरणार्थी’ म्हणत नमस्कार केला आणि म्हणाला, कामासाठी नाही आलो, बाईंची एक वस्तू द्यायची राहिली होती.

शांतम्मा आत होती. ती बाहेर आली ती दाराच्या चौकटीपर्यंतच.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. या पानांत आक्षेप घेण्यासारखं काही नाही, असं त्यानं फेहरिस्तीखाली स्वतःच्या सहीनं लिहिलं होतं. तरी वरून पानं फाडायचाच हुकूम आला, आणि अमीनसाहेब म्हणाले, चार पानं फाडा, नाहीतर आख्खी वही जाळतो. शिपाई ओढून काढणार होता, शिवण उसवली असती. म्हणून त्यानं स्वतः बसून, पाण्यात भिजवलेला दोरा कडेला लावून, एकेक पान सोडवलं.

“हे तवाच का न्हाई सांगितलं?”

“तुमी थांबलाव कुठं?”

तिनं त्याच्याकडं नुसतं रागानं पाहिलं. मग त्यानं खिशातून घडी केलेले कागद काढले. फेहरिस्तीची नक्कल होती. पण उर्दूतली नव्हे. त्यानं आख्खी मराठीत उतरवून आणली होती, तिला वाचता यावी म्हणून.

“चित्र मला काढता येत न्हाई,” तो म्हणाला. “पण तुमच्या अक्काचं पान मी लय वेळा बघितलं. जेवढं दिसलं तेवढं समदं लिवलंय. तुमी काढून बघा.”

 ती आत गेली, वही आणली, आणि ओसरीच्या कडेला बसली. तो पायरीवर बसून वाचायला लागला.

डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर. डोळ्यांच्या कडांना बारीक घडी, हसण्याच्या आधीची.

“उजवी वर हाय,” ती म्हणाली.

“डावी. मी महिनाभर बघितलीय.”

“बहीण माझी हाय का तुमची?”

“डावीच हाय,” तो शांतपणे म्हणाला, आणि तिनं दातओठ खाऊन डावी वर काढली. काढली आणि थबकली. डावीच होती. खालचा ओठ जरा जाड, वरच्याखाली धरलेला. कानामागून सुटलेली एक बट, हनुवटीपर्यंत येऊन आत वळलेली. तो एकेक ओळ वाचून थांबत होता, तिची पेन्सिल थांबली की पुढची वाचत होता. मधे दोनदा भांडण झालं, एकदा नाकावरून आणि एकदा पदराच्या काठावरून. नाकाचं तिचं बरोबर निघालं.

आतून शिवम्मा, तिची आई, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. लेकीच्या खांद्यावरून तिनं पाहिलं आणि तिथंच जमिनीवर बसली. बराच वेळ ती वहीकडं पाहत राहिली. मग पदरानं डोळे पुसून ती आत गेली आणि पाहुण्यासाठी तवा चढवला.

शिवलिंग मात्र उठला होता. उजेडी निघायला हवं, म्हणाला. त्या शेऱ्यापायी त्याची बदली झाली होती, दूर रायचूरकडं, तिकडच्या सरहद्दीच्या नाक्यावर. परवा गाडी होती. भेट होईल न होईल, चुकलंमाकलं पोटात घाला... असं काहीसं तो पुटपुटला आणि सायकलीकडं वळला.

शांतम्मा उभी राहिली. वही तिच्या हातातच होती.

“हे बरं हाय,” ती म्हणाली. “महिनाभर माझी वही वाचलाव. माझ्या घरचं माणूस न माणूस ओळखायला लागलाव. अव्वाच्या डोळ्यातला धूर तुमाला ठाऊक, अक्काची भुवई तुमाला ठाऊक. आन् आता शरणार्थी म्हणून निघायलाव?”

तो सायकल धरून तसाच उभा राहिला.

“मी... मी काय बोलावं?”

“ते मी सांगू? इथं अप्पा बसलेत. इचारायचं ते त्यांना इचारा. का तेबी मीच इचारायचं?”

एवढं बोलून ती आत निघून गेली. आत अंधाऱ्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी राहिली तेव्हा तिला कळलं आपण काय बोललो ते. तवा चुलीवर धुरत होता आणि आई लाटणं हातात धरून तिच्याकडं पाहत होती.

 बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. सिद्रामप्पांनी घसा खाकरला. गाव कोणतं, असं त्यांनी विचारलं, जरा कडक आवाजात. ताडकळस, चन्नप्पांचा मुलगा, असं उत्तर आलं. मठ कोणता, घरात कोण कोण, भाऊ किती, सगळं त्यांनी विचारून घेतलं, आणि एकेका उत्तरागणिक आवाजातला कडकपणा उतरत गेला. शेवटी त्यांनी विचारलं, त्या रायचूरकडं राहायची काय सोय?

“एकच खोली हाय,” शिवलिंग म्हणाला. “लय लहान.”

सिद्रामप्पांनी पुन्हा घसा खाकरला. त्यांना ते पसंत नसावं.

“खिडकी हाय का?” आतून शांतम्मानं विचारलं.

शिवलिंगनं दाराकडं पाहिलं.

“हाय,” तो म्हणाला. “उगवतीला.”