वेताळटोकच्या भिंगाचा पडदा

"बाबांची वही जळाली हो! कुलूपबंद खोलीत!" अनुसूयाबाई धापा टाकत खाजगी तपासनीस विद्याधरांच्या दारात उभ्या राहिल्या. विद्याधर आणि त्यांचा मित्र मारुती दुपारच्या चहावरून उठून तसेच निघाले.

अनुसूयाबाईंचे वडील जनार्दनपंत मूळचे झाशीचेच; पण कोकणातल्या वेताळटोकच्या दीपगृहावर त्यांनी तीस वर्षं दिवा सांभाळला. एका रात्री दिवा विझला, गलबत खडकावर फुटलं, अकरा माणसं बुडाली. ठपका पंतांवर आला. पुढे दीपगृहच बंद पडलं. त्याचं भिंग आणि पाळ्यांची वही घेऊन पंत घरी परतले. त्या दीपगृहाचा इतिहास लिहिणारे एक गृहस्थ उद्याच्या गाडीने येणार होते.

"बाबा ती वही कुणाला उघडू देत नसत. पण खरं काय ते तिच्यातच असणार! आता बाबांच्या कपाळावरचा डाग जायचा कसा?"

खोलीत मेजावर वहीची राख होती. समोर ते भिंग, उघडं. पश्चिमेची खिडकी बंद, काचा शाबूत. खुर्चीवर भिंगाच्या काळ्या पडद्याची घट्ट गुंडाळी, नाडीचे दोन वेढे देऊन बांधलेली.

"कुणीतरी खिडकीतून पेटता बोळा टाकला," मारुती म्हणाला.

"बंद काचेतून? धन्य आहे बाबा तुझी!"

अनुसूयाबाईंनी बारा वाजता बाहेरूनच कुलूप घातलं होतं. किल्ली कमरेला. धूर दिसला तीनला. पंत कालपासून जवळच्या मोठ गावी गेलेले, आत्ताच परतले होते.

मोलकरीण चंपा अंगणात धुतलेल्या कपड्यांच्या चौघड्या घालत होती. "परदे को हम हाथ नहीं लगाते, साहब। बाबूजी की मनाही है।"

सकाळी यज्ञेश्वर आला होता. एके काळचा पंतांचा मदतनीस, आता रेल्वेत सिग्नलचे दिवे लावायचा. त्याला बोलावून घेतलं.

"अकराला गेलो मी. तीन वाजता स्टेशनात होतो, कुणालाही विचारा! त्या खोलीत मी पाऊलही टाकलं नाही."

विद्याधर पंतांकडे वळले. "हा पडदा तुम्ही कसा ठेवायचात?"

"सांजेला काढायचा, गुंडाळायचा, नाडीचे दोन वेढे. वाऱ्याने उडू नये म्हणून. हाताला खोडच लागली ती."

"आणि दिवसा घालायचा, कारण उन्हात उघडं भिंग आग लावतं. वही जाळली ती झाशीच्या उन्हाने! सकाळी कुणीतरी पडदा काढून वही भिंगापुढे ठेवली. तीनला ऊन खिडकीत आलं. चंपाने काढला असता तर चौघडी झाली असती. पंत गावात नव्हते. यज्ञेश्वर, खोलीत पाऊल न टाकता ही गुंडाळी कुणी बांधली?"

यज्ञेश्वरने गुंडाळीची नाडी सोडली.

"त्या रात्री पाळी माझी होती. झोप लागली मला. वहीत माझं नाव सापडलं असतं..."

पंतांनी यज्ञेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला.

"येसू, अरे, वहीत तुझं नाव नव्हतंच रे. तुझ्या घरी तेव्हा पाळणा हलत होता. मी त्याच रात्री तुझं नाव खोडून माझं लिहिलं."

अनुसूयाबाईंनी मेजावरच्या राखेकडे पाहिलं.

"म्हणजे वही जळाली नसती तर... उद्या मीच ती त्यांच्या हातात दिली असती, आणि बाबाच दोषी ठरले असते?"