सोरियाचा पाहुणा

त्याला पाऊस म्हणणंही अवघडच होतं. हवेत नुसती ओल तरंगत होती... आणि त्या ओलीतून एक उंच तरुण धक्क्यावर पसरलेल्या जाळ्यांवरून खुशाल चालत येत होता.

"अहो! अहो महाशय, पाय... आधी पाय उचला!" ओलाया ओरडली.

तो जागच्या जागी थबकला. एक पाय हवेत, बगळ्यासारखा.

जाळ्यांपाशी बसलेल्या एतेल्विनानं, म्हणजे ओलायाच्या आईनं, हातातली सुई खाली ठेवली. तीस वर्षं ती गावातल्या होड्यांची जाळी शिवत होती, आणि जाळ्यांवर पाय देणाऱ्यांबद्दल तिची मतं फार कडक होती.

"कुठून आलास रे बाबा?"

"सोरियाहून," तो कसाबसा म्हणाला. "आमच्याकडे समुद्र नाही. मला वाटलं, चालायलाच अंथरलंय."

ओलायाला हसू फुटलं. आईनं डोळे वटारले तरी ते थांबेना.

त्याचं नाव सातुरियो. चर्चच्या मनोऱ्याचे दगड निखळायला लागले होते, ते बसवायला तो महिनाभरासाठी आला होता. जाळ्यांमधून एकेक पाऊल शोधत तो बाहेर आला आणि म्हणाला, "इथं आणखी काय काय करायचं नाही, ते एकदाच सांगून टाकाल का?"

"नगरपालिकेत पाहुण्यांची खिडकी आहे. दहा ते दोन. तिथं ये. तेच काम आहे माझं. आणि हो, इथं अहो-जाहो फक्त पाद्रीबाबांना करतात."

"पण मघाशी तुम्हीच मला..."

"मघाशी मी चिडले होते."

तो आला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुट्टीत, हातात पावाचा अर्धा तुकडा, भुवयांवर दगडाची पांढरी धूळ.

"काल मासळीच्या दुकानात अर्धा तास उभा होतो. कुणी विचारेचना. रांगही नव्हती."

"रांग असते रे, दिसत नाही इतकंच. आत शिरताना सगळ्यांना 'नमस्कार' म्हणायचं आणि विचारायचं, 'शेवटचं कोण?' जी बाई हात वर करेल, तिच्यानंतर तू."

"का?"

"का म्हणजे? अशीच पद्धत आहे."

"पण सरळ रांग का नाही लावत?"

सात वर्षं ओलाया त्या खिडकीत बसत होती. लोक विचारत, समुद्र कुठंय, स्वच्छतागृह कुठंय. 'का?' असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. संध्याकाळी तिनं मासळीवाल्या बाईंनाच गाठलं. त्या म्हणाल्या, "रांगेत उभं राहिलं की पाठ दिसते गं. पाठीशी गप्पा कशा मारणार?"

हे उत्तर सातुरियोला सांगायला तिला सकाळपर्यंत दम निघेना... आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग त्याचं 'का?' रोजच सुरू झालं. साडेबाराला जेवण मागितल्यावर खानावळवाला माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसा का बघतो? दोन ते पाच दुकानं बंद करून सगळं गाव जेवायला आणि झोपायला का जातं? किनाऱ्यावर उघडंबोडकं चालतं, मग तसंच पावाच्या दुकानात गेल्यावर बायका तोंड का फिरवतात?

"तू गेलास? उघडा?"

"फक्त शर्ट नव्हता."

"अरे देवा!"

चौथ्या दिवशी तो अनवाणीच आला.

"बूट?"

"समुद्रानं नेले. मी तर पाण्यापासून शंभर पावलं दूर ठेवले होते."

"ओहोटी होती तेव्हा! भरतीचं वेळापत्रक दारावर लावलंय, वाचायचं नाही का?"

"मला वाटलं, ते गाड्यांचं आहे."

ओलाया टेबलावर डोकं ठेवून हसली. तो निघून गेला तरी फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे वाळेपर्यंत ती बघत बसली होती.

महिना सरत आला तेव्हा नगरपालिकेला ऑगस्टच्या पाहुण्यांसाठी सूचनांचं पत्रक हवं होतं. ओलायानं ते लिहायला घेतलं, आणि प्रत्येक सूचनेबरोबर सातुरियोची एकेक फजिती आपोआप उतरत गेली. नाव नव्हतं, फक्त 'सोरियाचा एक पाहुणा'. बगळ्यासारखा पाय, बूट, शर्ट, सगळं. कच्चं टिपण होतं ते. नंतर गाळायचं, असं तिनं ठरवलं होतं.

पण ती दातांच्या डॉक्टरकडे गेली त्या दिवशी तिचे साहेब लाउरेआनो यांच्या हाती ते टिपण लागलं. ते खो खो हसले, त्यांनी पहिल्या पानाच्या प्रती काढल्या आणि गावभर चिकटवून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. साडेअकरा... खिडकीशी कुणी आलं नाही.

"सगळं गाव त्याला 'बगळा' म्हणतंय," एतेल्विना दुपारी वाडग्यात सूप वाढता वाढता म्हणाली. "काल त्यानं जेवण अर्धवटच टाकलं म्हणे."

ओलाया जेवली नाही. दुकानं बंद असतानाच तिनं भिंतीवरचा एकेक कागद उतरवला. औषधाचं दुकान, टपाल, धक्का... अकरा कागद. बारावा मासळीच्या दुकानाच्या आत होता. पाच वाजता दार उघडल्यावर ती आत शिरली.

"राहू दे की, छान आहे!" मासळीवाल्या बाई म्हणाल्या.

"छान नाही. दे तो इकडे."

मग ती मनोऱ्याचा गोल जिना चढली. याच गावात जन्मली होती, पण इथं कधी आली नव्हती. वर सातुरियो फटीत चुना भरत होता.

"आणखी काय छापायचं राहिलंय?" त्यानं मान वळवली नाही.

"माफी मागायला आलेय."

थापी चालत राहिली. मग तो हळूच म्हणाला, "माझी फजिती होते, हे मला ठाऊक आहे. पण ती मी तुला सांगत होतो, ओलाया. गावाला नाही."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"भिंतीवर मी नाही लावलं. पण लिहिलं मीच. खोटं नाही बोलणार... लिहिताना मजा येत होती. दुसरा कुणी पाहुणा असता तर दोन ओळींत संपलं असतं. तुझ्यावर लिहायला बसले, तर थांबताच येईना."

थापी थांबली.

"किती झालं?"

"चार पानं."

"चार?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तोंड मात्र अजून फुगलेलंच होतं.

"चल," ती म्हणाली. "सात वाजता आवेलिनोकडे. सगळ्यांसमोर बसू. लोकांना हसायचंच असेल, तर दोघांना हसू दे."

आवेलिनोच्या खानावळीत त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दोघं आत आली आणि मधल्याच टेबलाशी बसली. आवेलिनोनं बाटली डोक्यावर उंच धरून सिद्रा ओतली, सफरचंदाची ती आंबूस दारू खाली धरलेल्या पेल्यात फेसाळली. पेला एकच; इथं तो सगळ्यांत फिरतो. सातुरियोनं एका घोटात संपवत आणली, शेवटचे चार थेंब काठावरून जमिनीवर सांडले आणि पेला ओलायाला दिला.

"ते थेंब का सांडले, विचारलं नाहीस?" ती म्हणाली.

"ओठ लागले ती कड धुवायला. तू प्यायच्या आधी." तो गोंधळला. "म्हणजे... तुझ्या आईनं सांगितलं. आज सकाळी."

"आई तुझ्याशी बोलते?"

"पेलाभर. जास्त नाही."

ओलाया प्याली. सिद्रा आंबट होती म्हणून अंगावर काटा आला, की दुसऱ्याच कशानं, कोण जाणे.

"मंगळवारी जातोयस ना?"

"हो. पुढचं काम सामोरा शहरात. एक घुमट आहे... सहा महिने लागतील."

बाहेर ती ओल पुन्हा उतरू लागली होती. आत कुणी तरी गात होतं.

"सामोराला समुद्र आहे?"

"नाही."

"मला कळायचं नाही तिथलं काही. कुठं काय बोलायचं, कधी जेवायचं... मी आले तर शिकवशील?"

तो इतका मोकळा हसला, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले.

"शिकवलं असतं गं. पण मी सामोराला कधी गेलोच नाही."

"मग?"

"मग काय... दोघं मिळून चुकू."

आवेलिनोनं पुन्हा बाटली डोक्यावर नेली आणि पेल्यासाठी हात पुढे केला. ओलायाला तो दिसलाच नाही. सातुरियोची चुन्यानं खरखरीत झालेली दोन बोटं आपल्या हातात धरून ती नुसती त्याच्याकडे बघत होती.