डासघरातलं जेवण

डासघराला दोन दारं होती आणि पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे. डॉ. मृणाल वनकर आत शिरली, बाही वर सारली आणि जाळीच्या पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. इंद्रावतीच्या खोऱ्यातल्या या हिवताप संशोधन केंद्रात डासांना जेवू घालणं हे तिचं काम होतं. कोमट रक्त पडद्यातून पाजणारं यंत्र केंद्रात होतं, पण रानातल्या अंड्यांपासून वाढवलेली ही जात त्याला तोंड लावत नसे. त्यांना माणूसच हवा. संचालक डॉ. सुधन्वा कोठेकर यांच्या अंगावर डास चावला की गांधी उठत, त्यामुळे या पिंजऱ्याची यजमान ती एकटीच. वर्ध्याहून आई फोनवर म्हणायची, "जावयाला उपाशी ठेवतेस अन् डासांना पंगती वाढतेस." मृणालला पाचवा महिना लागला तशी आईची थट्टा थांबली आणि नुसती काळजी उरली.

काळजीचं कारण नाही, असं मृणालने तिला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. डास जन्मतः निर्दोष असतो. तो रोग्याचं रक्त पितो तेव्हा हिवतापाचा जंतू त्याच्या पोटात जातो, तिथे वाढतो, लाळेत उतरतो आणि पुढच्या माणसाला मिळतो. डासाच्या अंड्यांतून जंतू जात नाही. अंड्यापासून पिंजऱ्यात वाढलेले हे डास तिला काय देणार?

तरीही अलीकडे ती बेचैन असायची. जिना चढताना धाप लागे, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या दिसत. पोटुशी बाईला असं व्हायचंच, असं सगळे म्हणत. पण खोऱ्यातल्या इतर बायाही अशाच फिकट दिसत होत्या आणि त्यांची बाळं फार बारीक जन्मत होती. तिने हे कोठेकरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, लोह वाढवा, खाणं सुधारा. त्यांचं लक्ष उद्याच्या समारंभाकडे होतं. उद्या हे खोरं हिवतापमुक्त जाहीर होणार होतं.

श्रेय कोठेकरांचंच होतं. हिवतापाच्या रोग्याच्या अंगाला एक विशिष्ट वास येतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, डासाला कळतो आणि डास त्याच्याकडे ओढला जातो. कोठेकरांनी तो वास बाटलीत तयार केला आणि गावोगाव 'ज्वरगंध सापळे' टांगले. डास माणसाऐवजी सापळ्यात जाऊन मरू लागले. त्याच वासावर चालणारी 'गंधपारखी' नावाची पेटीही त्यांनी बनवली. तळहात तिच्यावर ठेवला की हिरवा किंवा लाल दिवा लागे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेणं लोकांना कधीच आवडलं नव्हतं. पेटी आली आणि सुया कपाटात गेल्या. लाल दिवे आधी कमी झाले, मग थांबले. मच्छरदाण्या घड्या होऊन माळ्यावर गेल्या. मृणालच्या घरचीही गेली.

पाहुण्यांना दाखवायला सूक्ष्मदर्शकाखाली एका निरोगी डासाचं पोट मांडून ठेव, असं कोठेकरांनी तिला सांगितलं होतं. तिने पिंजऱ्यातली आठवडाभरापूर्वी जेवलेली एक मादी घेतली, सुईने तिचं जठर अलगद काढलं आणि डोळा लावला.

जठराच्या भिंतीवर गोल गाठी होत्या. गाठींत काळे ठिपके होते.

विद्यार्थिदशेपासून तिने अशा गाठी अनेकदा पाहिल्या होत्या. जंतू डासाच्या पोटात वाढतो तो असा. तिने दुसरी मादी घेतली, मग तिसरी. तिन्हींच्या जठरावर त्याच गाठी होत्या. तिने कोठेकरांना हाक मारली.

कोठेकरांनी बराच वेळ पाहिलं. बाहेरचा डास आत शिरला असेल, असं ते म्हणाले. मृणालने दोन्ही दारं आणि जाळी दाखवली. मग अंड्यांतून आलं असेल, असं ते म्हणाले आणि लगेच स्वतःच ते खोडलं, कारण ते होत नाही हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"यांनी आयुष्यात एकाच माणसाचं रक्त प्यायलंय, सर," मृणाल म्हणाली.

"काहून घाबरतेस? सकाळीच तुला हिरवा दिवा लागला."

"हो. हिरवा लागला."

तिने कपाटातून सुई शोधून काढली, स्वतःचं बोट टोचलं, काचेवर थेंब पसरला आणि रंगवला. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींच्या गर्दीत तिला पहिली चंद्रकोर दिसली. डासाच्या पोटात जाण्याची वाट पाहत जंतू रक्तात ज्या रूपात थांबतो, ते हे रूप. तिने पोटावर हात ठेवला. तिला बाळासाठी भीती वाटली. हा जंतू बाळाला पोसणाऱ्या वारेत दडून बसतो आणि बाळाचं अन्न तोडतो, हे तिला पाठ होतं. आता ते तिच्या पोटात घडत होतं.

"ताप नाही, वास नाही," कोठेकर पुटपुटले. "असं कसं?"

"वास कशाने येतो, सर? जंतू रक्तातल्या असंख्य पेशी एकदम फोडतो तेव्हा. ताप त्यानेच येतो." तिने काच बाजूला ठेवली. "तापाच्या वासाकडे जाणारे डास आपण सापळ्यात मारले. उरले ते त्या वासापासून दूर राहणारे. त्यांचीच पिल्लं आता खोरंभर आहेत. ते वास येणाऱ्या रोग्याला चावतच नाहीत."

"म्हणजे वास सोडणारा जंतू डासापर्यंत पोचलाच नाही. तो संपला," कोठेकर सावकाश म्हणाले.

"आणि थोड्या थोड्या पेशी गुपचूप फोडणारा तेवढा पुढे गेला. ताप न आणणारा. आपल्या पेटीला न कळणारा."

कोठेकर स्टुलावर बसले. पोटुशीला चालतील त्या गोळ्या आहेत, आजच सुरू कर, असं ते म्हणाले. रक्तातल्या चंद्रकोरी मारणारं औषध मात्र बाळंतपणापर्यंत तिला देता येणार नव्हतं. तोवर तिला चावलेला प्रत्येक डास जंतू घेऊन जाऊ शकला असता. घरी जाऊन आधी माळ्यावरची मच्छरदाणी काढून लाव, असंही त्यांनी सांगितलं. मग त्यांनी गंधपारखी पुढे ओढली आणि तिचा हात हातात घेऊन पेटीवर ठेवला. आपलं यंत्र एकदा तरी खरं बोलावं, असं त्यांना वाटत असावं.

हिरवा दिवा लागला.

त्यांनी पेटीची वायर उपटली आणि स्वतःचं बोट पुढे केलं. "माझं घे," ते म्हणाले.

मृणालने दुसरी सुई उघडली. खिडकीबाहेर उद्याच्या स्वागतगीताची तालीम चालली होती. गावोगावच्या बाया लेकरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि पेटी आल्यापासून त्यांच्यातल्या एकीच्याही बोटाला सुई लागली नव्हती.